मागच्या आसनावरील मस्तक

यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहार ही वसाहत जुन्या दिल्लीकरांच्या बोलण्यात अद्यापही 'जमनापार'च आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात येथे दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे आणि सहकारी गृहसंस्थांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, आणि लोदी कॉलनी, सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम् येथील सरकारी निवासांत नोकरीची वर्षे घालविलेल्या कित्येक मंडळींनी आपले पहिले स्वतःचे घर या बाजूस घेतले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. घर झाले, परंतु कचेरी आणि घर यांच्यामध्ये नदी आली. मेट्रोची निळी वाटिका येथवर पोहोचली ती २००९ साली. तोपर्यंत सामान्य कारकुनाला अथवा सेक्शन ऑफिसरला दोनच मार्ग होते : गर्दीने ओथंबलेली बस किंवा स्कूटर. ज्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ती एकदाची दारी आली म्हणजे निजामुद्दीन पुलावरून नित्य ये-जा सुरू होई.

त्या पुलावरील एक चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असेल. गृहस्थ पुढे बसले आहेत, त्यांच्या मस्तकावर शिरस्त्राण आहे. त्यांच्यापुढे पायफळीवर एक मूल उभे आहे. मागच्या आसनावर गृहिणी एका बाजूस पाय सोडून बसली आहे, मांडीवर धाकटे मूल आहे, आणि पदर डोक्यावरून घेतला असलाच तर तेवढेच काय ते तिचे आवरण. चार मस्तके आणि शिरस्त्राण एक! वाहतूक पोलीस चौकात उभा असतो, त्याच्यादेखत हे वाहन निघून जाते, आणि त्यात बेकायदा असे काही घडलेले नसते, निदान त्या गृहिणीपुरते तरी. हा प्रकार दिल्लीत २०१४ पर्यंत कायद्याच्या संमतीने चालू होता. तो का चालू होता, हे समजून घ्यावयाचे तर शिरस्त्राणाचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

शिरस्त्राण हा शब्द आपल्याला परका नाही. जिरेटोप, चिलखत, बाजूबंद, दस्ताने ही सारी नावे मराठी वाचकाच्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहेत. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजीमहाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे इतिहासकार सांगतात. खानाचा वार चिलखताने अडविला. बाहेरून पाहणाऱ्याला दरबारी पोशाख दिसावा आणि आत पोलाद असावे, अशी ती योजना होती. त्या भेटीत प्रतिष्ठा आणि सुरक्षितता यांपैकी एकीची निवड करावी लागली नाही. हा तपशील पुढे पुण्याकडे वळताना उपयोगी पडेल, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

यंत्रवाहनाचे शिरस्त्राण मात्र रणांगणावरून आले नाही, ते शर्यतीच्या मैदानावरून आले. इंग्लंडमधील ब्रुकलंड्स या शर्यतीच्या मार्गावर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या डॉक्टर एरिक गार्डनर यांना मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमा वरचेवर पाहाव्या लागत. त्यांनी जाडे कापड आणि लाख यांच्या थरांचा एक टोप करविला, आणि १९१४ साली आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत तो स्वारांना घालावा लागला. स्वारांनी त्यावर पुष्कळ कुरकुर केली. शर्यतीनंतर बेटावरील वैद्याने त्यांना कळविले की, दरवर्षी या सुमारास डोक्याला मार बसलेले काही मनोवेधक रोगी हाती लागत, यंदा एकही नाही! वैद्याच्या या तक्रारीहून उत्तम शिफारसपत्र कोणत्या वस्तूस मिळाले असेल असे वाटत नाही.

परंतु शर्यतीपुरती मान्य झालेली गोष्ट रस्त्यावर यावयास आणखी पाव शतक जावे लागले, आणि त्याला निमित्त झाले एका विख्यात पुरुषाचे मरण. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून जगास ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स हा आपल्या कीर्तीला कंटाळून नाव बदलून विमानदलात साधा शिपाई झाला होता. १९२७ च्या आरंभापासून सव्वा वर्षाहून अधिक काळ तो कराचीस होता. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे, तेव्हा हा मनुष्य काही काळ आपल्याच इलाख्याचा रहिवासी होता असे म्हणावयास हरकत नाही. वेगवान मोटारसायकलींचे त्याला वेड होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ, सायकलवरून चाललेल्या दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात तो वाहनावरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्धीत राहून १९ मे रोजी तो वारला. वय अवघे शेहेचाळीस.

त्याच्या शय्येपाशी ज्या वैद्यांना पाचारण झाले त्यांत ह्यू केर्न्स हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला मेंदूचा शल्यविशारद होता. लॉरेन्सला वाचविणे त्याच्या हाती नव्हते, परंतु ती केस त्याच्या मनातून गेली नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर निरोप पोहोचविणारे लष्करी मोटारसायकलस्वार अंधारबंदीच्या रस्त्यांवर शत्रूच्या गोळीवाचूनच मरू लागले. केर्न्सने मोजदाद मांडली. युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार मेले होते, युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत स्वार व मागे बसणारे मिळून २,२७९ मेले, आणि तेही पेट्रोलची टंचाई असताना. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पाहण्यात आलेल्या जखमींमध्ये शिरस्त्राण घातलेले अवघे सात जण होते, आणि ते सातही जगले होते. सात हा आकडा थोडका, हे त्यालाही कळत होते. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना शिरस्त्राण घालण्याचा हुकूम केला, आणि १९४६ साली केर्न्सने मृत्यूंचा आलेख त्या महिन्यापासून कसा उतरत गेला हे दाखवून दिले. आकडे गोळा करणे आणि मग त्यांवर हुकूम निघणे, ही कार्यपद्धती आपल्या वाचकवर्गास अपरिचित नाही. ती इतक्या त्वरेने फळास येणे मात्र विरळा.

येथे या वस्तूची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीचे बरेच गैरसमज अज्ञानातून उद्भवतात. बाहेरचे कठीण कवच टोकदार आघात पसरवून देते, हे खरे. परंतु खरे काम आतला फेसाळ थर करतो. आघात होताच तो चेपतो, आणि त्या इंचभर चेपण्यात मेंदूला थांबावयास मिळणारा काळ लांबतो. चेपलेला थर पुन्हा उभारी धरीत नाही, म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेले शिरस्त्राण वरून कितीही धड दिसले तरी निकामी झालेले असते. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर ते आघातापूर्वीच निघून जाते. भारतीय कायद्याने तर शिरस्त्राणाच्या व्याख्येतच पट्टा घातला आहे. डोक्यावर पट्ट्याने घट्ट बसविलेले नसेल तर ते कायद्याच्या दृष्टीने शिरस्त्राणच नव्हे. मग कोपरात अडकविलेल्या, आरशावर टांगलेल्या आणि केवळ पोलीस दिसताच मस्तकारूढ होणाऱ्या त्या असंख्य वस्तूंना काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

नागरिकांवर ही गोष्ट कायद्याने बंधनकारक करणारे पहिले राज्य ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया. तेथे १९६१ च्या प्रारंभी हा नियम आला. ब्रिटनमध्ये तो १९७३ साली आला, आणि लगोलग शिखांच्या पगडीचा प्रश्न उभा राहिला. पगडी बांधून दोन महायुद्धांत ज्यांनी ब्रिटनसाठी प्राण दिले त्यांना शांततेच्या काळात ती उतरवावयास कशी सांगता, असा तो युक्तिवाद होता, आणि १९७६ साली पार्लमेंटाने पगडीधारी शिखांना सूट देणारा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ च्या दुरुस्तीने ८५-अ हे कलम घालण्यात आले, त्यातही पगडीधारी शिखांचा अपवाद होता. हैदराबादेत ही सक्ती झाली तेव्हा एका नागरिकाने संचारस्वातंत्र्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. 'अजय कानू विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात १९८८ साली न्यायालयाने ती हरकत फेटाळून लावली. त्याच वर्षीचा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि त्याच्या १२९ व्या कलमाने वाहन चालविणारा व त्यावर बसणारा अशा दोघांनाही शिरस्त्राण घालावयास सांगितले. कायद्याची भाषा या बाबतीत निःसंदिग्ध होती. मागचे आसन तिच्यात विसरले गेले नव्हते. ते विसरले गेले पुढे, नियमांत.

शिखांच्या अपवादाविषयी काही लिहावयाचे तर मयूर विहारातून लिहिताना विशेष जपून लिहिले पाहिजे. मयूर विहारच्या पहिल्या टप्प्याला लागूनच त्रिलोकपुरी आहे. नोव्हेंबर १९८४ च्या पहिल्या दिवसांत त्या वस्तीत, मुख्यतः बत्तीस क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये, शेकडो शीख मारले गेले. त्या दिवसांत डोक्यावरची पगडी हीच माणसाला ओळखण्याची खूण झाली होती, आणि जीव वाचविण्यासाठी कित्येकांना केस कापून घ्यावे लागले. ज्या शहरात हे घडले, तेथे मस्तकावरील वस्त्राचा प्रश्न हा केवळ वाहतुकीचा प्रश्न राहू शकत नाही. शासनाने या बाबतीत हात आखडता घेतला असेल तर त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पगडीधारी पुरुषाला दिलेली सूट मूळ कायद्यातच होती आणि तिला निदान एक स्पष्ट खूण होती, ती म्हणजे प्रत्यक्ष बांधलेली पगडी.

स्त्रियांच्या बाबतीत जे झाले ते याहून वेगळे. दिल्लीच्या १९९३ च्या मोटार वाहन नियमांत ११५ वा नियम शिरस्त्राणाचा आहे. स्त्रियांवरही सक्ती व्हावी असा प्रयत्न शतकाच्या अखेरीस झाला, तेव्हा शीख स्त्रियांच्या धर्मभावनेचा प्रश्न पुढे आला. शीख स्त्री बहुधा पगडी बांधीत नाही. मग रस्त्यावरच्या शिपायाने कोणती स्त्री शीख आणि कोणती नव्हे हे ओळखावे कसे? या पेचातून १९९९ साली जो मार्ग काढण्यात आला तो कचेरीच्या दृष्टीने अत्यंत सोईस्कर होता : सर्वच स्त्रियांना, त्या वाहन चालवीत असोत वा मागे बसलेल्या असोत, शिरस्त्राण ऐच्छिक करण्यात आले. एका समाजातील स्त्रियांच्या श्रद्धेचा मान राखावयाचा म्हणून राजधानीतील यच्चयावत् स्त्रियांची मस्तके उघडी ठेवण्यात आली. त्यांच्यापैकी कोणी तशी मागणी केली होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ आपल्या कुटुंबांत काय होतो हे सांगावयास नको. जेथे सक्ती नाही तेथे खर्चही नाही.

या व्यवस्थेतील विसंगती पुरतेपणी दिसते ती केंद्रीय नियमांशेजारी हा नियम ठेवून पाहिला म्हणजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १२३ वा नियम असे सांगतो की, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीस धरावयाला मूठ, पाय टेकावयाला आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक असले पाहिजे, बसणाऱ्याची वस्त्रे चाकात गुंतू नयेत म्हणून. व्यवहारात हिलाच आपण साडीगार्ड म्हणतो. कितीतरी भगिनींचे प्राण या जाळीने वाचविले असतील, तिची थट्टा करण्याचा हेतू नाही. तथापि पंधरा वर्षेपर्यंत राजधानीत अशी स्थिती होती की, मागे बसलेल्या स्त्रीच्या साडीच्या काठाचे रक्षण करणे नियमाने आवश्यक होते आणि तिच्या मस्तकाचे रक्षण करणे ऐच्छिक!

ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्ली शासनाने अधिसूचना काढली आणि नियमातील 'स्त्री' या शब्दाच्या जागी 'शीख स्त्री' हे शब्द घातले. बदल एका विशेषणाचा. ज्यांनी उभा जन्म मसुद्यांवर शेरे मारण्यात घालविला आहे त्यांना एका विशेषणाचे मोल कळावे. सप्टेंबरपासून अंमल सुरू झाला, आणि दुकानांत स्त्रियांची शिरस्त्राणे मागितली जाऊ लागली. वेणी-अंबाडा बसेल कसा, हा प्रश्न तोपर्यंत या देशातील कारखानदारांना फारसा पडलेला नव्हता. फरीदाबाद हे शिरस्त्राणांच्या निर्मितीचे एक मोठे ठाणे आहे आणि ते दिल्लीस अगदी खेटून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुर्लक्षाचे नवल अधिकच वाटते.

मयूर विहारकरांना शिरस्त्राणाच्या कायद्याचे आणखी एक अंग घरबसल्या दिसते. त्यांच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर राज्याची सीमा आहे आणि पलीकडे नोएडा. तेथील जिल्हाप्रशासनाने १ जून २०१९ पासून शिरस्त्राण नसेल तर पेट्रोल नाही, असा दंडक घातला. एकाच मुख्य रस्त्यावर, अलीकडच्या पंपावर एक रीत आणि पलीकडच्या पंपावर दुसरी. जेथे सीमा रोज दोनदा ओलांडावी लागते तेथे सवय कोणती लागावी?

आता पुण्याकडे. दुचाकींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती आहे, आणि आकुर्डीच्या बजाज कारखान्यामुळे भारतातील असंख्य कुटुंबांची पहिली स्कूटर त्या परिसरातच घडली. त्याच पुण्याने 'हेल्मेटसक्ती' हा शब्द मराठीस दिला असे म्हणावे लागते. हेल्मेट हा शब्द तेथे सक्तीवाचून एकटा फारसा फिरतच नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा काही नागरिक पुणेरी पगड्या घालून निषेधार्थ रस्त्यावर उतरले. कल्पना विनोदी होती, आणि पुणेकरांच्या विनोदाचे आपल्याला दुरूनही कौतुक असते. परंतु मंदिलाखाली लोखंडी टोप घालून प्रतापगड उतरणाऱ्या पुरुषाचा वारसा सांगणाऱ्यांनी पगडी ही शिरस्त्राणाच्या विरोधाची खूण करावी, हे इतिहासाला धरून नाही.

पुणेकरांचा मुख्य युक्तिवाद असा की, शहरात वाहने हळू चालतात, सबब महामार्गावर टोप घालावा, पेठांत कशाला? त्याला उत्तर गणिताचे आहे. आसनावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फूट उंच असते. वाहन अगदी उभे असले आणि माणूस तेथून नुसता कोसळला, तरी त्याचे डोके ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळते. हा वेग वाहनाचा नव्हे, पृथ्वीच्या आकर्षणाचा आहे, आणि तो लक्ष्मी रस्त्यावर व निजामुद्दीन पुलावर सारखाच. शिरस्त्राणाविषयी जगभर झालेल्या एकसष्ट अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. केर्न्सच्या सात रोग्यांनी जे सुचविले होते त्याला अशी पुष्टी मिळाली. मानेस त्रास होतो, ऐकू येत नाही, या तक्रारी सर्वस्वी खोट्या आहेत असे नाही. जड, ढिले आणि स्वस्त टोप घेतले म्हणजे त्या खऱ्या ठरतात.

या स्वस्त टोपांचा बाजार हा दिल्लीतील एक स्वतंत्र अध्याय आहे. दंडापासून बचाव एवढाच ज्यांचा उपयोग अशा प्लॅस्टिकच्या टोप्या पदपथांवर ढिगाने विकल्या जात, त्यांवर खोटे मानकचिन्हही छापलेले असे. बांधकामावरील मजुराचा पिवळा टोप घालून जाणारे स्वारही अधूनमधून दिसतात. केंद्र शासनाने २०२० साली आदेश काढून १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ प्रमाणे आय.एस.आय. चिन्ह असलेलीच शिरस्त्राणे बनविता व विकता येतील असे ठरविले. हातमोजे, जाड अंगरखा, घोटे झाकणारे बूट यांविषयी मात्र आपला कायदा मौन बाळगून आहे. पडताना माणूस प्रथम हात पुढे करतो, आणि घासटणाऱ्या रस्त्याशी तळव्याची कातडी किती टिकणार? दिल्लीच्या जूनमधील उन्हात चामड्याचा अंगरखा घालावयास सांगणे अव्यवहार्य, हे मान्य. परंतु वहाणा घालून गियर बदलण्याची आपली रीत काही उन्हामुळे पडलेली नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने दंड शंभर रुपयांवरून हजारावर नेला, त्याला तीन महिने परवाना निलंबित करण्याची जोड दिली, आणि चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक केले. स्कूटरच्या पायफळीवरील ते मूल अशा रीतीने प्रथमच कायद्याच्या दृष्टीस पडले. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या बालकांसाठी शिरस्त्राण व चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा यांचे नियम २०२२ साली निघाले, त्यांचा अंमल १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा. त्याच २०२२ साली देशात शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यांवर मेले. त्यांपैकी ३५,६९२ वाहन चालविणारे होते आणि १४,३३७ बसलेले. या दुसऱ्या आकड्यात स्त्रिया किती व मुले किती याची फोड त्या दोन संख्यांवरून होत नाही. मागच्या आसनावर बहुधा कोण बसते, हे मात्र निजामुद्दीन पुलावरून एकदा जाणाऱ्यासही ठाऊक आहे.

केंद्रीय नियमांतील १३८ व्या नियमाने नवी दुचाकी विकताना कारखानदाराने मानकानुसार एक शिरस्त्राण सोबत द्यावे असे पूर्वीच सांगितले आहे. एका वाहनास एक. म्हणजे पुढे बसणाराचे. जून २०२५ मध्ये केंद्र शासनाने या नियमात दुरुस्ती सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यात एकाच्या जागी दोन शिरस्त्राणे देण्याचा प्रस्ताव आहे.